आधी खाली उतरा, मग गाडी बोलवा

गेल्या अंकात एका काकांचं पत्र छापलं होतं. वय ७६, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुलाने स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि आता दिवसभर घरात बसून जीव नकोसा झालाय, असं त्यांनी लिहिलं होतं. मी उत्तरात एका ओळीत लिहून मोकळी झाले की ॲपवरून रिक्षा बोलवायला शिका, सोपं आहे. त्या एका ओळीवर भरपूर पत्रं आलीत आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, ताई, सोपं नाहीये हो. खरंय तुमचं, मी घाईत लिहिलं. म्हणून या वेळचं अख्खं सदर याच विषयाला देतेय. मी दर गुरुवारी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मोबाईल शिकवायला बसते आणि घरी ८३ वर्षांच्या सासूबाई आहेत, तेव्हा खाली जे लिहिलंय ते या दोन ठिकाणी बघून बघून कळलेलं आहे.

ताई, नातवाने मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलंय, बुक कसं करायचं तेही येतं. पण रिक्षा तीन मिनिटांत येते म्हणतं आणि मी कुलूप लावून, काठी घेऊन दोन मजले उतरेपर्यंत रिक्षावाला निघून गेलेला असतो. दोनदा तर तो मागच्या गल्लीत उभा होता आणि मी पुढच्या गेटला. शेवटी मी चालत नळ स्टॉपपर्यंत जातो आणि तिथे मिळेल ती रिक्षा करतो. माझं काय चुकतंय?
— निवृत्त शिक्षक, वय ७४, कोथरूड, पुणे

काका, तुमचं काहीच चुकत नाहीये, फक्त क्रम उलटा करायला हवा. हे ॲप ज्यांनी बनवलं त्यांच्या डोक्यात असा माणूस आहे जो बटण दाबतो आणि पायात चपला सरकवून दोन मिनिटांत रस्त्यावर येतो. आपल्याला दहा-बारा मिनिटं लागतात, गॅस बंद केला का बघायचं असतं, बाथरूमला जाऊन यायचं असतं, कुलूप दोनदा ओढून बघायचं असतं. ही दहा मिनिटं रिक्षावाल्याच्या डोक्यावर टाकली की तो चिडतो, कॅन्सल करतो, किंवा थांबल्याचे पैसे लागतात. म्हणून आधी सगळं आवरा, कुलूप लावा, खाली उतरा, वॉचमनच्या खुर्चीवर बसा, दम खा, आणि मग बुक करा. आमच्या सासूबाई गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसल्याशिवाय फोन पर्समधून काढतच नाहीत, हे त्यांनीच शोधून काढलं, मी शिकवलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, खाली उतरलो आणि रिक्षाच मिळाली नाही तर? त्यासाठी घरातूनच ॲप उघडून जायचं ठिकाण टाकायचं आणि किती मिनिटं दाखवतंय आणि भाडं किती दाखवतंय तेवढं बघायचं, शेवटचं बटण दाबायचं नाही. बघायला पैसे पडत नाहीत. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळा शक्यतो टाळाच, आणि पावसाची सर येऊन गेल्या गेल्या तर नकोच. बँकेचं काम असेल तर दुपारी बारा-साडेबाराला जा, त्या वेळी रिक्षावाले पण निवांत असतात आणि बोलतात पण नीट.

आता मागच्या गल्लीचं. घरात बसून बुक केलं की मोबाईलला आपण नेमके कुठे आहोत ते नीट कळत नाही, सिमेंटच्या भिंतीत सिग्नल इकडेतिकडे होतो आणि नकाशावरचा ठिपका इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन बसतो. रिक्षावाल्याला तो ठिपका दिसतो, तुमचं गेट दिसत नाही, तो बिचारा ठिपक्यापाशी जाऊन उभा राहतो. यावर इलाज एकदाच करायचा. रविवारी नातवाला घेऊन गेटबाहेर जिथे रिक्षा खरोखर थांबू शकते तिथे उभे राहा, ॲपमध्ये ठिपका बोटाने सरकवून त्या जागेवर आणा आणि ती जागा 'घर' म्हणून सेव्ह करून घ्या. तसंच बँक, दवाखाना, मुलीचं घर, असं जिथे जिथे नेहमी जाता तिथलं करून ठेवा. पेठांमध्ये राहणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, तिथे एकेरी रस्त्यामुळे ठिपका पन्नास पावलं चुकला तरी रिक्षाला सगळा वळसा घालून यावं लागतं.

आणि एक गोष्ट जी माझ्या फार उशिरा लक्षात आली. आपण सगळे ज्येष्ठांना सारखं बजावतो की अनोळखी नंबर उचलू नका, फसवणूक होते. आणि ड्रायव्हरचा फोन येतो तोच मुळी अनोळखी नंबरवरून, कारण खरा नंबर कळू नये म्हणून ॲपवाले मधला एक नंबर लावतात. मग आजोबा फोन कट करतात, रिक्षावाल्याला वाटतं गिऱ्हाईक खोटं आहे, तो कॅन्सल करतो. संघातल्या एका काकूंचं सलग चार वेळा असं झालं आणि त्या म्हणाल्या मेलं हे ॲपच खराब आहे. तेव्हा बुक केल्यापासून रिक्षात बसेपर्यंत जो फोन येईल तो उचला. मात्र फोनवर ओटीपी सांगायचा नाही. तो चार आकडी नंबर रिक्षात बसल्यावर, समोरासमोर सांगायचा, आणि बसण्याआधी पाटीवरचे शेवटचे चार आकडे मोबाईलवरच्या आकड्यांशी ताडून बघायचे. ॲपवरून कार बोलावली असेल तर पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात, इलेक्ट्रिक गाडी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. आकडे जुळत नसतील तर "माझी गाडी बदलली काका, बसा ना" असं कोणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी बसायचं नाही.

शेवटचं, न विचारलेलं. तुम्ही नळ स्टॉपपर्यंत चालत जाता ते पाय मोकळे करायला की पैसे वाचवायला? कारण आपल्या पिढ्यांच्या डोक्यात 'एकट्यासाठी कशाला रिक्षा' हे घट्ट बसलंय. माझे वडीलही म्हणायचे, चार माणसं असतील तर रिक्षा, एकट्याला पाय आहेत. पण हिशेब करून बघा. पुण्यात २०२२ च्या सप्टेंबरपासून मीटरचा दर ठरला तो पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. म्हणजे पाच किलोमीटरला साधारण ८५ रुपये. आठवड्यातून दोनदा जाऊन येऊन बाहेर पडलात तर महिन्याच्या सोळा फेऱ्या, तेराशे-चौदाशे रुपये. स्कूटरचं पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग आता वाचतंयच ना. सासूबाई पेन्शन आली की पंधराशे रुपये बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात टाकतात, तो रिक्षाचा डबा, त्यातले पैसे भाजीला वापरायचे नाहीत. डबा वेगळा झाल्यापासून त्या भजनाला, बहिणीकडे, तुळशीबागेत, कुठेही कोणाला न विचारता जायला लागल्या. आधी "बघू, कोणी सोडणारं असलं तर" असं म्हणायच्या आणि घरीच राहायच्या.

आई ७९ वर्षांची, डोंबिवलीत एकटी, ऐकायला कमी येतं. मी न्यू जर्सीत. तिला डॉक्टरांकडे जायचं असलं की मी इथून रिक्षा बुक करायचा प्रयत्न करते, कधी पैशांचं अडतं, कधी ती ड्रायव्हरचा फोनच घेत नाही. मला फार अपराधी वाटतं. काय करू?
— एक मुलगी

अगं, डोंबिवलीत सकाळचे अकरा म्हणजे तुझ्याकडे उन्हाळ्यात रात्रीचा दीड, थंडीत साडेबारा. आईच्या रिक्षासाठी तू जागी राहतेस, यात अपराधी वाटायचं काय आहे. पण रोज रात्री जागून हे चालणार नाही, म्हणून थोडं वेगळं लावूया.

आधी पैशांचं. दुसऱ्या कोणासाठी गाडी बुक करायची सोय ॲपमध्ये असते, 'दुसऱ्यासाठी' असं निवडून आईचा नंबर टाकला की गाडीचा नंबर वगैरे तिच्या मोबाईलवर मेसेजने जातं. कार बोलावलीस तर तुझ्या खात्यातून पैसे देता येतात. रिक्षाचं मात्र बदललंय. २०२५ पासून बऱ्याच ॲपवर रिक्षावाल्यांकडून कमिशन घेणं बंद झालं, ते ठरावीक पैसे भरून ॲप वापरतात आणि भाडं प्रवाशाने थेट त्यांनाच द्यायचं असतं, रोख किंवा त्यांचा यूपीआय स्कॅन करून. तुझं कार्ड तिथे चालणारच नाही. म्हणून आईच्या पर्समध्ये एक छोटा बटवा ठेवायला सांग, दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांचा, पाचशेची नोट त्यात नको. सुट्ट्या पैशांवरून होणारी निम्मी भांडणं या बटव्याने मिटतात.

ऐकू कमी येतं त्याचं असं कर. ॲपमध्ये ड्रायव्हरला मेसेज पाठवता येतो. बुक झालं की तूच लगेच लिही, "आई वयस्कर आहेत, ऐकू कमी येतं, फोन घेणार नाहीत, सोसायटीच्या मेन गेटला हिरव्या साडीत उभ्या आहेत, कृपया त्यांना हाक मारा." हेच हिंदीतही लिहून ठेव, तुमच्या भागात बरेच ड्रायव्हर हिंदी बोलणारे असतात. मजकूर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलास की दर वेळी टाईप करायला नको, फक्त साडीचा रंग बदलायचा. मी हे गुरुवारच्या वर्गात सगळ्यांना करून देते आणि सांगते, माणूस इतकं नीट सांगितल्यावर सहसा कॅन्सल करत नाही. परवा एका रिक्षावाल्याने खाली उतरून संघातल्या मावशींची पिशवी उचलून घेतली, मेसेज वाचला म्हणून.

तिचा ओटीपी तिला वाचता यायला हवा, त्यासाठी मोबाईलची अक्षरं मोठी करून दे, पुढच्या भेटीत. नाहीतर तू व्हॉट्सॲपवर फक्त ते चार आकडे पाठव, बाकी काही लिहू नकोस, लांब मेसेजमध्ये आकडे सापडत नाहीत.

आणि जवळचं माणूस हवंच. शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी, खालचा वॉचमन, औषधाच्या दुकानातला मुलगा, कोणीतरी एक जण ज्याला तू सांगू शकतेस की आई आता निघतेय, जरा रिक्षात बसेपर्यंत बघ. त्याला महिन्याला काही देत जा, फुकट नको, फुकटचं काम दोन महिन्यांत सुटतं. शिवाय आई आजवर शेअर रिक्षाने फिरली असेल तर तिला स्टँडवरचे दोन-चार रिक्षावाले चेहऱ्याने माहीत असतील, त्यातल्या एकाचा नंबर घ्यायला सांग. ॲप बंद पडलं तरी तो येईल.

गाडी कुठे पोचली हे तुला तिकडून बघता येतं, ट्रिप शेअर केली की नकाशावर दिसत राहतं. बघ जरूर. पण वाटेत तीनदा फोन करून "कुठे आहेस, नीट बसलीस ना" असं विचारू नकोस, ऐकू येत नसलेल्या बाईला हलत्या रिक्षात फोन शोधायला लावणं हाच मोठा धोका आहे, पर्स पडते, काठी पडते. पोचल्यावर तिने एक मिस कॉल द्यायचा, एवढंच ठरवा.

एक गोष्ट मात्र दोघींनी पक्की करा. छातीत दुखतंय, एक बाजू लुळी पडतेय, श्वास लागलाय, अशा वेळी ॲपची गाडी शोधत बसायचं नाही. १०८ लावायचं. महाराष्ट्रात ही सरकारी ॲम्ब्युलन्स २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत, आणि गाडीत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. टॅक्सीवाला माणूस म्हणून कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे ते नसतं. आईच्या फ्रीजवर मोठ्या अक्षरात १०८ लिहून लाव.

माझ्या यजमानांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला. वॉकरने चार पावलं चालतात, बाकी व्हीलचेअर. फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा न्यायचं असतं. कॅब बोलावली की ड्रायव्हर डिकी उघडून दाखवतो, जागाच नसते. आणि त्यांना गाडीत बसवताना माझी कंबर मोडते. कुठली गाडी बोलवू?
— गृहिणी, वय ६८, नागपूर

ताई, तुम्ही फार मोठं काम करताय, आणि तुमच्या कमरेची काळजी आधी घ्यायला हवी म्हणून सावकाश लिहिते.

डिकीत जागा नसते कारण बऱ्याच कॅब सीएनजीवर चालतात आणि सिलिंडर डिकीतच बसवलेला असतो. छोट्या कारमध्ये सिलिंडर गेल्यावर एखादी बॅग मावते, घडीची व्हीलचेअर नाही. वॉकर दुमडून मागच्या सीटवर पायापाशी ठेवता येतो. व्हीलचेअर न्यायचीच असेल तर ॲपमध्ये सहा माणसांची मोठी गाडी बोलवा, तिच्या शेवटच्या रांगेच्या सीट पाडल्या की खुर्ची आडवी बसते. भाडं जास्त पडतं, हे खरंय. म्हणून आधी फिजिओथेरपीच्या सेंटरला विचारा की तिथे दारात त्यांची खुर्ची मिळते का, बऱ्याच दवाखान्यांत मिळते. मिळत असेल तर आपली खुर्ची घरीच ठेवा, फक्त वॉकर न्या, आणि छोटी गाडी चालेल.

छोट्या गाड्यांतही फरक आहे. सेडान दिसायला ऐसपैस असते पण सीट खाली असते, बसताना माणूस धपकन खाली जातो आणि उठवताना सगळं वजन तुमच्या हातावर येतं. वॅगनआरसारखी उंच डब्याची गाडी असली तर सीट साधारण कमरेच्या उंचीला येते, तिच्यात बसणं-उठणं सगळ्यात सोपं. गुडघे दुखणाऱ्या काहीजणींना रिक्षा बरी वाटते, सीट उंच, धरायला दांडा आहे, पण पायरी उंच असते आणि खड्ड्यांत मणक्याला हिसके बसतात, तुमच्या यजमानांना ती नको. आणि हो, ॲप उघडलं की कधीकधी सगळ्यात वर बाईक दाखवतं, स्वस्त म्हणून. चुकून तिच्यावर बोट पडत नाही ना एवढं बघा, साठी ओलांडलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या कोणीच त्यावर बसू नये असं माझं ठाम मत आहे.

आता बसवायचं कसं. त्यांना मागे नाही, पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसवा. ती सीट मागे सरकते, पाय घ्यायला जागा मिळते. ड्रायव्हरला आधीच सांगा, "दादा, सीट पूर्ण मागे घ्या आणि गाडी फूटपाथला चिकटून नको, हातभर लांब लावा," कारण फूटपाथवरून बसायचं झालं तर सीट अजून खाली जाते. मग यजमानांना गाडीकडे पाठ करून उभं करा. वॉकर धरून हळूहळू मागे सरकायचं, पोटऱ्या गाडीला टेकल्या की थांबायचं. एक हात सीटच्या पाठीवर, चांगल्या बाजूचा, उघड्या दारावर हात टाकून भार द्यायचा नाही, दार हलतं. डोकं वाकवून आधी बूड टेकवायचं, नीट मागे सरकायचं, आणि मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे, लुळा पाय तुम्ही हाताने उचलून आत घ्यायचा. सीटवर जुन्या रेशमी साडीचा एक तुकडा घालून ठेवा, त्यावर माणूस अलगद वळतो. बसून झालं की तुकडा काढून घ्यायचा, नाहीतर ब्रेक लागला की घसरतील. उतरताना सगळं उलट, आधी पाय बाहेर, मग उभं राहणं. फिजिओथेरपिस्टला एकदा प्रत्यक्ष गाडीपाशी येऊन दाखवायला सांगा, त्यांचं कामच आहे ते, नाही म्हणणार नाहीत.

आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वेळी जायचंय, तर मी तुमच्या जागी असते तर रोज नव्या ड्रायव्हरला हे सगळं पहिल्यापासून समजावलं नसतं. ॲपवरून येणाऱ्यांपैकी एखादा समजूतदार निघाला की त्याच्याशी महिन्याचं ठरवून टाका. तो आला, सीट मागे घेऊनच आला, तुम्हाला बोलायलाच नको.

ड्रायव्हर कॅन्सल करतात, किंवा बसल्यावर ॲपपेक्षा जास्त पैसे मागतात. आम्हा म्हाताऱ्यांनी भांडायचं का? काही नियम आहे की नाही?
— ठाण्याचे एक वाचक, वय ७१

नियम आहे. राज्य सरकारने २०२५ साली ॲपवरच्या गाड्यांसाठी धोरण काढलं, त्यात गर्दीच्या वेळी भाडं मूळ भाड्याच्या दीडपटीच्या वर नेता येणार नाही असं म्हटलंय. ड्रायव्हरने कारण नसताना कॅन्सल केलं तर त्याला भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, जे कमी असेल तेवढा दंड, आणि आपण कॅन्सल केलं तर ५ टक्के किंवा ५० रुपये, जे कमी असेल ते. पण कागदावरचा नियम आणि रस्त्यावरचा माणूस यात अंतर आहे, ते तुम्ही रोज बघताच.

ड्रायव्हरची बाजूही ऐकून घ्या, मी दोन-चार जणांशी बसून बोलले आहे. ॲपवर दाखवलेलं भाडं आणि सरकारने ठरवलेला मीटरचा दर यात फरक पडतो, तो त्यांच्या खिशातून जातो, म्हणून मुंबई-पुण्यात बरेच जण मीटरच्या हिशेबाने मागतात. २०२५ मध्ये त्यावरून संपही झाले. त्यांचं म्हणणं खोटं नाहीये. पण ते आधी सांगायला हवं, उतरताना नाही.

माझ्यासोबतच झालं. सासूबाईंना तपासणीला नेऊन आणत होतो, एका ॲपवरून गाडी केली होती, घराच्या गेटशी आल्यावर ड्रायव्हर म्हणाला साठ रुपये जास्त द्या नाहीतर दार उघडत नाही. भर दुपार, सासूबाई उपाशीपोटी. मी दिले. ॲपवर तक्रार केली, दहा दिवसांनी "तुमच्या अनुभवाबद्दल दिलगीर आहोत" असा मेसेज आला, पैसे नाही आले. त्या दिवसापासून मी बसण्याआधी, दार उघडायच्या आधी विचारते, "दादा, ॲपवर १४० आहेत, तेवढेच घेणार ना?" नाही म्हणाला तर तिथेच कॅन्सल. तुम्हीही असंच करा. आणि गाडीत बसलेले असताना, एकटे असताना, भांडू नका काका. द्या, उतरा, गाडीच्या पाटीचा फोटो काढा, मग ॲपवर तक्रार करा, नाही ऐकलं तर ग्राहकांची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, १९१५. भीती वाटण्यासारखं काही झालं तर ॲपमधलं आपत्कालीन मदतीचं (SOS) बटण किंवा सरळ ११२.

गाडीच्या ॲपकडून पैसे परत मिळवायला कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधला. त्या माणसाने एक ॲप टाकायला सांगितलं आणि खात्यातून १८ हजार गेले. मुलाला सांगायची लाज वाटतेय.
— नाव नको, नाशिक

आधी मुलाला सांगा, आजच. रागावला तरी चालेल. आणि लगेच १९३० ला फोन करा, सायबर फसवणुकीची तक्रार तिथे घेतात, जितक्या लवकर कराल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. बँकेलाही कळवा आणि ते टाकलेलं ॲप काढून टाका. बाकीच्यांसाठी, गाडीच्या ॲपच्या मदतीचा नंबर गुगलवर कधीच शोधायचा नाही, तिथे चोरांनी स्वतःचे नंबर पेरून ठेवलेले असतात. तक्रार फक्त त्या ॲपच्या आतून, त्या ट्रिपवर बोट ठेवून करायची. चाळीस रुपये परत मिळाले नाहीत तर न मिळोत. तुमची काही चूक नाही हो, हे लोक दिवसभर हेच काम करतात, शिकलेले तरुणही त्यात अडकतात.

तुमचं सगळं पुण्या-मुंबईचं. आमच्याकडे वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप, सोडून काही येत नाही. ॲप उघडलं तर 'या भागात सेवा नाही' येतं. आम्ही काय करायचं?
— शेतकरी, वय ७७, कराड तालुका

काका, तुमचा राग रास्त आहे. म्हापशाहूनही एका आजोबांचं असंच पत्र आलंय. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, २०१८ पासून सरकारच्या पाठिंब्याने गोवामाइल्स नावाचं ॲप आहे, विमानतळावर त्यांचं काउंटरही आहे, पण आतल्या गावांत गाडी मिळेलच असं नाही. त्यांना मी लिहिलंय की पायलटच्या, म्हणजे भाड्याने नेणाऱ्याच्या, मोटरसायकलवर आता नको, गोवामाइल्स बघा आणि सोबत ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याचा नंबर ठेवा.

तुमच्याकडे एसटी आहे, आणि तुमचं वय ७५ च्या वर आहे म्हणजे २०२२ च्या ऑगस्टपासून राज्यात एसटीचा प्रवास तुम्हाला फुकट आहे, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट. आधार कार्ड जवळ ठेवा. म्हणजे कराडपर्यंतचा प्रश्न सुटलेलाच आहे. अडतं ते घरापासून फाट्यापर्यंत आणि कराडच्या स्टँडपासून दवाखान्यापर्यंत, आणि वडापमध्ये दहा माणसांत कोंबून बसणं या वयात नको वाटतं तेही समजतं.

मग शहरातलं ॲप जे करतं तेच गावात माणसांकडून करून घ्यायचं. गावात दोघा-तिघांकडे रिक्षा किंवा छोटी गाडी असतेच. तुमच्यासारखे अजून सात-आठ जण असतील ज्यांना महिन्यातून एकदा-दोनदा दवाखाना किंवा बँक असते. सगळ्यांनी मिळून एकाशी ठरवा, महिन्यातले दोन बुधवार, सकाळी नऊला निघायचं, दुपारी दोनला परत, गाडीत चारच माणसं, भाडं इतकं. मधल्या अडीअडचणीला त्याचा फोन, आणि तो नसेल तेव्हासाठी दुसऱ्याचा. दोन्ही नंबर मोबाईलमध्ये असू द्याच, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरही जाड पेनने लिहा, कारण मोबाईल नेमका चार्जिंगला असतो. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाईनही आहे, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ, पेन्शन किंवा योजनेचं काही विचारायचं असेल तर तिथे विचारता येतं. गाडी मात्र ते पाठवत नाहीत, त्यासाठी तो रिक्षावालाच. बुधवारचं जमलं की किती जण झालात, भाडं काय ठरलं ते मला कळवा, पुढच्या अंकात छापते, शेजारच्या गावांना उपयोगी पडेल.